चार बोटं बाहेर

आई, तुला लिहायचं मी दहा वर्षं टाळलंय. त्यासाठी वही तीनदा घेतली. एकीत रानभाज्यांची नावं भरली, दुसरी डोंगरातल्या कुठल्याशा बसमध्ये राहिली, ही तिसरी. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. त्यावर तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे, "मन कुठे आहे तुझं? बॉलवर ठेव." हे तू मला गणित करतानाही म्हणायचीस आणि भाकरी करपली तरी.

आत्ता मी अंबरनाथला, आपल्या कॉलनीतल्या टेनिस कोर्टाच्या पायरीवर बसलेय. बाजूला चुन्याची गोणी, मांडीवर सुतळीचं बंडल. तुझी कंपनी बंद झाल्यावर इथे गुडघाभर गवत वाढलं होतं. कॉलनीवाल्यांनी ते काढलं, नवा मुरूम टाकला, रोलर फिरवला. पस्तिशीच्या वरच्या बायकांची स्पर्धा उद्यापासून परत सुरू होतेय आणि कपाला तुझं नाव दिलंय. कॉलनीच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला तेव्हा मी वांगणीच्या पुढे एका पाड्यावर मधाचं पोळं काढणारी माणसं बघत उभी होते. म्हणजे निघाले होते वेगळ्याच कामाला, पण ते असो. काका म्हणाले, "रेघा तूच मार. आणि आईबद्दल दोन शब्द बोल, शेवटच्या फायनलचं सांग. लोकांना आवडेल." नेमकं तेच मला सांगता येत नाही.

बाकीचं कितीही सांगेन. एमआयडीसीतल्या कंपनीच्या लॅबमध्ये तू फर्स्ट शिफ्ट करायचीस आणि दुपारी ऑफिसर लोकांचं कोर्ट रिकामं असायचं, म्हणून चौतिसाव्या वर्षी तू रॅकेट हातात घेतलीस. पायात कॅनव्हासचे बूट, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, अंगाला लॅबचा वास. साहेबांच्या बायका हसायच्या. दोन वर्षांनी हसायच्या बंद झाल्या, कारण त्यांच्यातली एकही तुझ्याकडून एक सेटसुद्धा घेऊ शकेना. मग अंबरनाथच्या बाहेरून बायका यायला लागल्या. बेलवलीची डॉक्टरीण यायची, तिचा बॉल वर गेला की खाली येईपर्यंत शिफ्ट संपेल असं वाटायचं. आणि उल्हासनगरची कापडवाली आंटी, जिला तू शेठाणी म्हणायचीस. दुकान सुनेवर टाकून ती रिक्षाने यायची आणि गेटातूनच ओरडायची, "लॅबवाली, आज बॉल में ॲसिड भर के लायी क्या?" तू मान वर न करता म्हणायचीस, "तुमच्यासाठी साधं पाणी पुरतं, शेठाणी." सात वर्षं ओळीने कप आपल्या घरी. शेठाणी पाच वेळा फायनलला हरली आणि पाचही वेळा जाताना तुझ्या पाठीत धपाटा घालून गेली. मी शाळेत कुणालाही सांगायचे, माझी आई चॅम्पियन आहे. कशाची, असं विचारलं की म्हणायचे, सगळ्याचीच.

आपल्याकडे अंपायर नव्हता. ज्याच्या बाजूला बॉल पडला त्याने हात करून सांगायचं, आत की बाहेर. आणि चुना उडाला तर आत, त्यावर वाद नाही. म्हणून फायनलच्या सकाळी रेघा नव्या मारायच्या. खुंट्यांना सुतळी बांधायची, एकाने टोक ताणून धरायचं, दुसऱ्याने भोकं पाडलेल्या डब्यातून चुना सोडत जायचं. दोघांचं काम. त्या सकाळी तू म्हणालीस, "माझी कंबर धरलीये, जरा पडते. जमेल ना तुला एकटीला?" मी हो म्हटलं. पंधरा वर्षांची घोडी होते मी. तीन बाजू नीट झाल्या. चौथीची सुतळी बांधणार, तेवढ्यात कुंपणावर भारद्वाज आला, इतका जवळ की त्याचा लाल डोळा दिसत होता. मी त्याच्या मागे पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. परत आले तेव्हा लोक खुर्च्या मांडायला लागले होते. घाईत दिसली त्या खुंटीला सुतळी बांधली आणि चुना सोडला.

तू दरवेळी खेळायच्या आधी कोर्टाला चक्कर मारून रेघा बघायचीस. त्या दिवशी मला विचारलंस, "तू मारल्यास ना? मग बघायला नको." आई, तू मला दिलेल्या सगळ्यांत हे एक वाक्य मी आजही जपून ठेवलंय, आणि तेच टोचतं.

तिसरा सेट. तुझ्या कपाळावरून घाम गळतोय, कंबर दुखतेय हे फक्त मला कळतंय. मॅच पॉइंटला तू फोरहँड सरळ रेघेवरून मारतेस. बॉल शेठाणीच्या कोपऱ्यात पडतो, पांढरी धूळ उडते. ती क्षणभर खाली बघते. मग हात वर करते, "चूना उडा! अंदर है, लॅबवाली, ले जा तेरा कप!"

संध्याकाळी सुतळी सोडताना मला दिसलं. ती खुंटी कोर्टाच्या जुन्या मापाची, उपटायची राहून गेलेली होती. त्या कोपऱ्यात रेघ चार बोटं बाहेर गेली होती. खऱ्या रेघेने बॉल आऊट होता.

उद्या सांगते, उद्या सांगते म्हणत मी गप्प राहिले. मग तुझी कंबर म्हणजे नुसती कंबर नव्हती असं निघालं. हॉस्पिटलात तू प्रत्येक सिस्टरला सांगायचीस, "कोपऱ्यात मारला, चुना उडाला!" कसं सांगणार होते? पण आई, त्या कंबरेने तू तीन सेट खेळलीस. आज मी दिवसाला वीस किलोमीटर चालते आणि दम लागला की मला तेच आठवतं. ते खेळणं काही मी चुन्याने मारलेलं नव्हतं.

थांब, गेटाशी रिक्षा थांबलीये. कोणीतरी काठी टेकत उतरतंय, गुडघ्याला पट्टा आहे. शेठाणी! काका तर म्हणाले होते ती आता घराबाहेर पडत नाही. तिथूनच ओरडतेय, "ए लडकी, अकेली मत बांध! पिछली बार चार उंगली बाहर गयी थी. इधर दे, मैं पकडती हूं!"

आई, तिला माहीत होतं. हात वर केला तेव्हाही.

वही बंद करते, सुतळीचं टोक तिच्या हातात द्यायचंय. पत्र तर कुठे जाणार नाहीच. फक्त एक सांगते, उद्या तू ती फायनल जिंकलीस असंच मी बोलणार होते. आणि अजूनही मला तेच बोलावंसं वाटतंय.