बासरीला थंडी वाजते

३ जानेवारी
मनीषाचं वर्षश्राद्ध १० फेब्रुवारीला. तिच्या भजनी मंडळाच्या बायका दुपारी घरी येऊन भजन करणार. त्यात तिची बासरी मी वाजवायची, असं आज ठरवलं. फुंकर मारली की आवाज येतो. म्हणजे निम्मं काम झालं. रोज तासभर बसणार.

६ जानेवारी
बसणं झालं नाही. निफाडला पारा सहावर, इथेही बोटं आखडतात. मोबाइलवर वाचलं की थंड हवेत बासरीचा स्वर उतरतो. म्हणजे चूक माझी नाही. भिंतीवरचं थर्मामीटर आणलं.

११ जानेवारी. सकाळी १४ अंश.
मंडळाच्या मंगलाबाईंकडे पेटीबरोबर वाजवून पाहिलं. पेटी वर, मी खाली. कारण समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, भाऊजी, बासरी कुठे वाजतेय, थंडीच वाजतेय. बायका हसल्या. मीही हसलो. मुद्दा त्यांच्या लक्षात आला नाही.

१७ जानेवारी
योगिनीने पुण्याहून ट्यूनर ॲप पाठवलं. काटा कायम डावीकडे, म्हणजे स्वर उतरलेलाच. तिला फोनवर तापमान आणि स्वर यांचं गणित सांगत होतो, तर मध्येच म्हणाली, बाबा, जेवलात का. ही मुलगी विषयाला धरून बोलत नाही. जेवण राहिलंच होतं.

२२ जानेवारी
बासरी मनीषाच्या स्वेटरमध्ये गुंडाळून उन्हात ठेवली. मग वाजवली. स्वर चढल्यासारखा वाटला. काट्याला वाटला नाही. स्वेटर कपाटात ठेवायचा राहिला. खुर्चीवरच आहे.

२८ जानेवारी
मंडळाचे पेटीवाले ज्ञानेश आले होते. म्हणाले, वहिनी याच खोलीत, याच थंडीत वाजवायच्या की, आणि पेटीला बरोबर लागायची. ते गेल्यावर मागच्या हिवाळ्यांचे तापमानाचे आकडे शोधले. तेव्हा थंडी जास्तच होती. बराच विचार केला. तेव्हा घरात दोन माणसं होती. हवा गरम राहत असणार. तसंच असणार.

५ फेब्रुवारी
आता सरावाची गरज नाही. दहा तारखेला घर भरेल. खिडक्या लावून घ्यायच्या, खोली आपोआप तापेल. सतरंज्या तेवढ्या मागून आणायच्या.

१० फेब्रुवारी
सगळे आले. योगिनी सकाळीच आली. थर्मामीटर २६. बायका पदराने वारा घेत होत्या, तरी खिडकी उघडू दिली नाही. मनीषाचं आवडतं भजन सुरू झालं. बासरी तोंडाला लावली. पेटी वर, मी खाली. मंगलाबाईंनी हाताने सगळ्यांना थांबवलं. म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही ऐका, आम्ही म्हणतो. या वेळी कोणी हसलं नाही. योगिनीने उठून खिडकी उघडली.
मग ऐकलं. चांगलं म्हणतात. पण प्रत्येक कडवं संपलं की सगळ्या गप्प, पेटीही गप्प, आणि मग पुढचं कडवं. योगिनीला हळूच विचारलं, मध्येच का थांबतात. ती म्हणाली, तिथेच आई वाजवायची, बाबा. तेवढंच.
मी पहिल्या शब्दापासून वाजवत होतो.