पाण्याच्या पुढे

२ जानेवारी
बापूंची तेरवी आटोपली. पाहुणे गेले. बाबांनी त्यांची काठी खुंटीला अडकवली. नात म्हणून माझ्याकडून काय झालं? फक्त ताटं वाढली.

बापू कॅनॉलवर पाटकरी होते. सिद्धेश्वर धरणाचं पाणी सुटलं की पाण्याच्या पुढे चालत ओरडायचे — "पाणी आलं, वर निघा!" कोरड्या कॅनॉलात बायका डबक्यावर धुणं धुतात, लेकरं क्रिकेट खेळतात. बापू रिटायर झाले, शाल-नारळ मिळालं, आणि पाणी सोडायच्या पुढच्या पाळीला पुन्हा निघाले. आई म्हणाली, "आता पगार कोण देतो?" तर म्हणाले, "पाणी आवाज करत न्हाई, सुनबाई. कुणीतरी करावा लागतो."

मला आकडे त्यांनीच शिकवले. शाळेच्या आधी, कॅनॉलच्या दगडांवरचे.

५ जानेवारी
बुधवारी पाणी सुटणार. ओरडणार कोण? बाबा म्हणतात, मोबाईलवर मेसेज येतो. धुणं धुताना मोबाईल कोण बघतं!

७ जानेवारी
औंढ्याला परीक्षा. पेपरात लक्ष नव्हतं. बसमधून उतरले ती थेट कॅनॉलवर. काठोकाठ पाणी. आमच्या तांड्यावरची संगिताकाकू काठावर साड्या वाळत घालत होती.
"सगळे निघाले ना वेळेवर?"
"निघालो की. बापू ओरडला ना."
मी हसले. ती हसली नाही.
"काकू, बापू गेले."
"मला म्हाईत न्हाई व्हय? सगळ्यात जास्त मीच रडले." तिने साडी झटकली. "पण ओरडला. आमी निघालो."
"दिसले?"
"आवाज आल्यावर कोण बघत बसतं? लेकरं उचलली."

८ जानेवारी
खालच्या तांड्यावर विचारून आले. तिथंही ऐकलं म्हणतात. आई आता रोज एक भाकरी बाहेर ठेवते. काठी खुंटीलाच आहे — दोनदा पाहिली.

मला भीती वेगळीच आहे. एखाद्या पाळीला ते ओरडले नाहीत तर? सगळा तांडा गेलेल्या माणसाच्या भरवशावर कॅनॉलात उतरतो.

२७ जानेवारी
उद्या पाणी. मी जाणार. घरी सांगितलं नाही. शेतात ओरडून पाहिलं — बगळेसुद्धा उडाले नाहीत.

२८ जानेवारी
वळणावर पाणी दिसलं तशी पुलावरून ओरडले, "पाणी आलं, वर निघा!"

संगिताकाकूने मान वर केली. "अजून टाइम हाय, निता. बापू ओरडला न्हाई." आणि पुन्हा खाली वाकून धुवायला लागली. बाकीच्याही धूतच राहिल्या. मी परत ओरडले. कोणी हललं नाही. शेवटी खाली उतरले, काकूच्या लहानग्या शितलला काखोटीला मारलं, हाताला लागेल तिला ओढलं. पाणी घोट्याला लागलं तेव्हा सगळ्या पळाल्या. बादल्या वाहून गेल्या. माणूस एकही नाही.

वर आल्यावर काकू पदर पिळत म्हणाली, "आज काहून ओरडला न्हाई बापू?" माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच त्यांना अडवलं.

मलाही बापूंचा राग आला. घसा पार बसला आहे.

२९ जानेवारी
पलीकडच्या काठावर शेळ्या चारतात त्या रुख्मिणीआजी सकाळी घरी आल्या. काल त्यांनी सगळं पाहिलं.
"आला व्हता की," म्हणाल्या. "पुलावर, तुझ्या मागं. तू ओरडून राहिली म्हणून गप उभा व्हता."