कुड्याचे फळ की टाकळ्याची शेंग

रत्नागिरी
मंगळवार, १० फेब्रुवारी १९३१

आज वर्गात वाळलेली फळे ओळखायला शिकवत होतो. टाकळ्याची शेंग म्हणून जे उंच धरले, ते कुड्याचे फळ निघाले. शेंग दोन्ही कडांनी उकलते, कुड्याचे फळ एकाच कडेने. इतकी वर्षे मीच हे शिकवत आलो! पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मास्तर, ह्याला एकच चीर दिसत्ये." कोणी हसले नाही. हसली असती पोरे तर बरे झाले असते. म्हणजे माझ्या डोळ्यांचे सगळ्यांना ठाऊक आहे?

डॉक्टर म्हणतात, हा मोतीबिंदू नव्हे, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. हेडमास्तरांना सांगू? सांगितले तर नोकरी जाईल. न सांगता तरी किती दिवस...

संध्याकाळी सौ. फळांची टोपली घेऊन पडवीत बसली. "अहो, डोळे मिटा नि बोटांनी ओळखा. सवय होईल." रुई ओळखली, कापूस बाहेर आला होता. भेंडी कंगोऱ्यांवरून ओळखली. मग तिने एक लांब, बारीक, न उकललेले फळ हातात दिले. कडेवरून नख फिरवले. एक चीर की दोन? पुन्हा फिरवले. कळेना. शेवटी म्हणालो, "कुडा."

"बरोबर!" ती लगेच म्हणाली. फारच लगेच.

"नीट बघून सांग गो."

"बघितलं. कुडाच आहे." फळ माझ्या हातातून घेऊन तिने टोपलीत टाकले.

टाकळाही असेल तो. टोपलीतून ते पुन्हा शोधून काढणे आता माझ्या हातचे नाही.