सहीखालचा पत्ता

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे पाकीट फोडायच्या आधीच तू ओळखलं असशील. खरंय. गेले चार दिवस माझा जीव थाऱ्यावर नाही. जिन्यात कुणाची पावलं वाजली तरी उठून कडी तपासते. सगळं पहिल्यापासून सांगते. तू नेहमीसारखी मधली पानं गाळू नकोस आणि लगेच मला वेड्यातही काढू नकोस.

आमच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात पाच टेबलं आहेत ना, त्यांच्यावर आता दोनच माणसं बसतात. तिघं खासगीत गेली. त्यांना नावं तरी कशी ठेवू? तिथे तिप्पट पगार आणि एका वेळी दहा खटले. माझ्याकडे आज एकशे चाळीस आहेत. निम्म्या फायली मी कोर्टात उभी राहिल्यावरच पहिल्यांदा उघडते. कारकूनकाका दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांची जागा मंजूर आहे पण भरायला निधी नाही, असं वरून दर तीन महिन्यांनी लेखी येतं. त्या कागदांना बरा निधी मिळतो. तू दर वेळी म्हणतेस, सोड ती नोकरी, आणि मी दर वेळी विषय बदलते. मला हे काम आवडतं गं, त्याला काय करू.

तर एका गोदामाच्या मालकाने आपल्या रखवालदाराला जीव जाईपर्यंत मारलं. समोरच्या दुकानात कपडे शिवणाऱ्या एका बाईने ते मशीनवर बसल्या बसल्या पाहिलं. दुसरा साक्षीदार नाही आणि मालक जामिनावर बाहेर आहे. तिने ते दुकान सोडलं, घर बदललं आणि मगच जबाब दिला. नवा पत्ता कुणाला कळणार नाही, असा शब्द तिला मी दिला होता.

आरोपीच्या वकिलाला कागदांच्या प्रती द्याव्याच लागतात, पण अशा वेळी पत्ता झाकायचा असतो. काका त्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायचे आणि मग झेरॉक्स काढायचे. या वेळी ते मी केलं, दोन सुनावण्यांच्या मधल्या अर्ध्या तासात, तोंडात घास असताना. जबाबाच्या पहिल्या पानावर पट्टी लावली, साक्षीदारांच्या यादीत लावली. पण पत्ता तिसऱ्या ठिकाणीही असतो, जबाबाच्या अगदी शेवटी, सहीच्या खाली, बारीक अक्षरात. काकांचा हात आपोआप तिथे जायचा. मी ते पान तसंच देऊन टाकलं.

मंगळवारी तिचा फोन आला. एक माणूस पँट आखूड करून घ्यायला तिच्या घरी आला होता. शांतपणे माप दिलं. जाताना म्हणाला, गोदामवाल्या शेठनी तुमची चौकशी केलीय, आणि जिन्यातला दिवा गेलाय तो बसवून घ्या, पाय घसरेल कधीतरी. मी फोन ठेवला आणि फाइल काढली. शेवटचं पान बघितलं. सहीखाली तिचा पत्ता जसाच्या तसा होता.

पोलिसांनी एक शिपाई दिलाय. तो सकाळी येतो, वहीत सही करतो आणि जातो. तिला दुसरीकडे ठेवायला पैसे मागितले तर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एवढ्या तत्परतेने आमच्याकडे आजवर काही आलं नव्हतं. या वर्षीची तरतूद संपली आहे, पुढील वर्षी अर्ज करावा. तिची साक्ष अठरा दिवसांवर आहे. काल मी तिच्याकडे गेले आणि चूक माझी आहे हे तिला सांगून टाकलं. वाटलं होतं, थोबाडीत देईल. ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, कुठे जायचं झालं तर मशीन बरोबर नेता येईल का. मला भीती वाटते ताई, तिची वाटते आणि माझीही. आज तो पँटवाला आमच्या कार्यालयासमोर उभा होता, त्याने मला हात जोडून नमस्कार केला.

माझं घर त्यांना ठाऊक आहे, तुझं नाही. सोमवारी मी न्यायाधीशांना सगळं लेखी देणार आहे, माझी चूकही, आणि ती बाई कुठे आहे ते बंद पाकिटात. खटला माझ्याकडून जाईल, कदाचित नोकरीही. साक्षीदाराला पढवलं असं कुणी म्हणू नये म्हणून अठरा दिवस मी तुला फोन करणार नाही. तूही तिला खटल्याबद्दल अवाक्षर विचारू नकोस. धोका तुझ्या दारापर्यंत येऊ शकतो, हे मी लपवत नाही. भाऊजींना विचार. नको वाटलं तर तसं तिला सरळ सांग. परतीचं तिकीट तिच्याकडे आहे आणि मी जन्मात तुला बोल लावणार नाही. हे पत्र तुझं वाचून होईपर्यंत उंबऱ्याबाहेरच थांबायचं, असं मी तिला बजावलंय. मशीन फार जड आहे, पण तिने ते अजून खाली ठेवलं नसेल.

तुझीच,
धाकटी