ओमची जर्मनीतली शाखा

आष्टा, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय जाफर यास सप्रेम नमस्कार वि. वि.

बाकांवर बोटांनी ठेका धरून आपला अख्खा वर्ग वृत्तं म्हणायचा, तो आवाज परवा बँकेत कानात घुमला. नात अंकिता जर्मनीला शिकायला निघालीय. वीस तारखेच्या आत फी तिथल्या बँकेत पोचली नाही, तर तिची जागा दुसऱ्याला. तिनं त्या बँकेचा स्विफ्ट कोड लिहून दिला. मोजली, तर अक्षरं आठ, अनुष्टुभाचा चरणच. पण अर्जावर चौकटी अकरा, म्हणजे इंद्रवज्रा. चरण अपुरा ठेवून लक्ष्मीला परमुलखी कसं धाडायचं? उरलेल्या तिन्हींत शुभ म्हणून ओमची ए, यू, एम ही इंग्रजी अक्षरं बसवली. साहेबांनी भरगच्च अर्ज पाहून शिक्का मारला.

लोभ आहे, तो लोणच्यासारखा मुरू द्यावा.

तुझा ज्ञानू

लोणंद, ८ फेब्रुवारी

दोस्त ज्ञानूस सलाम वि. वि.

गड्या, फोनवर चाल हरवते म्हणून तू तो उचलत न्हाईस, तवा लिवतोय. आमचा अजहर दुबईला कांदा धाडतो. तुझं पत्र वाचून त्यानं डोक्याला हात लावला. आरं, त्या कोडात पहिली चार अक्षरं बँकेची, दोन देशाची, दोन गावाची. शेवटची तीन शाखेची. ती नसली की पैसा मुख्य कचेरीत जातो. तुझ्या ओमनं जर्मनीत अजून शाखा उघडली न्हाई. आठच लिही आन् हात आवर. शाळेतबी वृत्तात बसावं म्हणून तू मला ‘जाफरा’ केलंस. घरवाली मेहरुनबी म्हणते, भावजी, आदी पोरीचं बघा, चरण मागनं.

माया हाय, ती आटू न द्यावी.

जाफर

आष्टा, १७ फेब्रुवारी

प्रिय जाफर, न. वि. वि.

तुझ्या पत्राआधी पैसेच माघारी पोचले. अंकिता माझ्याशी बोलत नाही. आज आठ अक्षरांचा अर्ज नेला, तर साहेब म्हणाले की तीन चौकटी मोकळ्या, अर्ज अपुरा. आधीचा किती छान भरला होता. मोकळं म्हणजे मुख्य कचेरी, असं सांगितलं, तर लेखी मागितलं. तुझं पत्र दाखवलं. त्यावर टपालाचा शिक्का आहे, बँकेचा नाही, म्हणाले. आज अर्ज गेला नाही, तर पोरीची जागा माझ्या तीन अक्षरांपायी जाणार. वृत्तात बसवता येईना, असं दुःख प्रथमच

थांब, बाहेर मोटार वाजली. अंकिता मला हाक मारतेय, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. अरे, गुडघ्याचं निमित्त सांगून आमच्या घरच्या लग्नालाही न येणारा तू दारात उभा आहेस, मागं अजहर; अंकितानंच फोन केला म्हणे. चहा नको म्हणतोस, मला चपला घालायला लावतोस, आणि सांगलीची मोठी शाखा बंद व्हायच्या आत गाठायची, असं माझ्या डोक्यावर उभा राहून सांगतोयस, तेव्हा पत्र इथंच