लालसूचा खांब

मुनिरका, नवी दिल्ली
४ नोव्हेंबर २०२४

ती. चंद्रप्रभामावशीस,
वीणाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र. इथली हवा अशी की रुमालावर काळं उमटतं. शिसारी येते.

नोकरी मात्र छान चाललीय. आमच्या खात्याने इंद्रावती खोऱ्यातल्या आदिवासी कलांचं प्रदर्शन भरवलंय. टोपल्या आहेत, मासे धरायचे सापळे आहेत. तुझ्या भामरागडकडून ठेकेदाराने एक कोरीव लाकडी खांबही आणला. वाळवीने खाल्लेला होता. मी औषध मारून पॉलिश करून घेतलं, आता बिल्कुल नवा दिसतो. ‘सजावटीचा खांब’ ही पाटीही माझीच. खाण्याच्या स्टॉलपाशी उभा केलाय. आमचे साहेब जयंतसर इतके खूश की जानेवारीत माझं कंत्राट वाढवणार म्हणाले.

तू तीस वर्षं तिथे नर्स होतीस, म्हणून फोटो छापून पाठवतेय. सायकल, मासे आणि एक पेटी कोरलीय. पेटी कसली ते कळव, पाटीवर घालते.

माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.
तुझी
वीणा


अहेरी
१६ नोव्हेंबर २०२४

चि. वीणास अनेक आशीर्वाद.

पेटी लसींची आहे. ती सायकलला बांधून लालसू पुंगाटी अकरा वर्षं माझ्याबरोबर पाडे हिंडला. पामुलगौतमी नदीला पाणी असलं की डोंग्यात ती मांडीवर घेऊन बसायचा. तो तापाने गेला, तेव्हा त्याच्या बायकोने, पेकोने, हा खांब कोरवून वाटेकडेला पुरला. मी तिथे हजर होते. तू त्याला सजावट म्हणालीस. शेण खाल्लंस, बाई.

त्यांच्या गावात या खांबाची डागडुजी करत नाहीत. वाळवी लागून तो मातीत गेला, म्हणजे माणूस पुरता पोचला असं पेको मानते. बेवारस लाकूड समजून तो उपटणारा ठेकेदार मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा, आणि तू त्याला पॉलिश लावलंस. फोटोत एक बाई खांबाला टेकून मोमो खातेय. मला दुपारचं जेवण गेलं नाही.

मी माणूस धाडून चौकशी केली. पेको रोज त्या रिकाम्या खड्ड्याशी बसते. खांब परत पाठव.

रागावले आहे, पण आशीर्वादात काटकसर नाही.
तुझी
मावशी


मुनिरका
१२ डिसेंबर २०२४

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र वाचून तशीच प्रदर्शनात गेले. सायकलच्या चाकावर कुणीतरी च्युइंगगम चिकटवलं होतं, पेटीवर लाल चटणी. नखाने खरवडलं. सगळ्यात जास्त किळस स्वतःचीच आली.

जयंतसरांना सांगितलं. ते म्हणाले, अच्छा, मग तर पाटीवर ‘स्मृतिस्तंभ’ लिही, किंमत वाढेल. खांब त्यांनी मानेसरच्या एका कारखान्याला आधीच कबूल केला होता, रिसेप्शनमध्ये ठेवायला. मी लेखी दिलं की पाटी चुकीची होती, चूक माझी आहे आणि खांब गावाला न विचारता आणलाय. कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला.

मग मी मानेसरला स्वतःच फोन केला. मेलेल्या माणसाचा खांब आहे म्हटल्यावर त्यांनी दहा मिनिटांत नको कळवलं. आदर वगैरे काही नाही, मावशी, अपशकुन. ज्याला टेकून लोक प्लेट चाटत होते, त्याच्याजवळ आता हमालही येईना. जयंतसरांनी खांबाला आणि मला, दोघांनाही बाहेर काढलं. कंत्राट गेलं. खांब परवा ट्रकने निघाला.

पेकोला काय सांगू, ते तूच ठरव.
तुझ्या शिव्यांना पात्र,
वीणा


अहेरी
२० जुलै २०२५

चि. वीणास आशीर्वाद.

नवी नोकरी लागल्याचं वाचून बरं वाटलं. बाहेरचे छोले कमी खा.

खांब जानेवारीत पोचला. पेकोने आधी वास घेतला आणि तोंड फिरवलं. मी तुझी चूक तिला सगळी सांगितली, झाकलं काही नाही. ती लालसूचा सुरा काढून चार दिवस ते पॉलिश तासत बसली. हाताला फोड आले, पण मला सुरा देईना. मग गावाने खांब जुन्याच खड्ड्यात उभा केला. तरी औषधाचा वास जाईना. ती रोज जाऊन बुंध्याशी माती उकरून बघायची आणि तशीच परत यायची. सहा महिने मी तुला हे लिहिलं नाही.

काल तिचा निरोप आला, तुला मुद्दाम कळवायला सांगितलाय. वाळवी लागली.

आता पोटभर जेव.
तुझी
मावशी