नायिका तूच निघालीस

प्रिय राणीसरकार,

मी ठणठणीत आहे, खोली हवेशीर आहे आणि शेवट सोडून पटकथा पसंत पडलीय! आता बसून वाच.

भिंतीवर पटकथेतल्या प्रसंगांची तीन रंगांची कार्डं लावलीत: सुरुवात, मध्य, शेवट. नायक अर्थातच मी, जग जिंकायला निघालेला थोर विनोदी लेखक. दिग्दर्शिकाबाईंनी सगळी कार्डं वाचली आणि म्हणाल्या, "गोष्टीत जो बदलतो तो नायक. हे गृहस्थ पहिल्यापासून खुर्चीत बसून नुसते टोमणे मारताहेत. यांची नोकरी गेल्यावर शिवणवर्ग कोण काढतं? बायको! मग गोष्ट तिचीच."

वीस वर्षांत माझी इतकी नेमकी टिंगल कुणी केली नव्हती. एका बैठकीत सगळं तुझ्या बाजूने लिहून काढलं, आणि काय पळतेय गं गोष्ट!

धाकटीचा खोकला गेला का? दोन पत्रांना उत्तर नाही, म्हणजे मशीनवर काम फार असणार.

शेवटचं कार्ड तेवढं कोरं आहे. भांडून गेलेला नवरा परत येऊन दार वाजवतो. बाई विचारतात, "ती उघडते का?"

मी म्हटलं, "तिलाच विचारून सांगतो."

तुझाच,
दुय्यम पात्र